टॉर्चचा पिवळा बल्ब मंद का पडतो आणि व्होल्टेज-करंट मोजून तो नीट कसा पेटवायचा

टॉर्च मंद झाला की पहिला हात सेलकडे जातो. नवीन जोडी आणायची, टाकायची, दोन-चार दिवस बरं वाटतं आणि मग परत तोच पिवळट-लाल उजेड. पण बऱ्याचदा चूक सेलची नसते, किंवा निम्मीच असते. तारेच्या बल्बचा (म्हणजे एलईडी नव्हे, काचेच्या आत तार तापते तो जुना बल्ब) उजेड मुख्य दोन गोष्टींवर ठरतो: बल्ब पेटलेला असताना त्याच्या बुडाशी खरोखर किती व्होल्ट पोचतात, आणि तो बल्ब किती करंट घ्यायला बनवलेला आहे. या दोन गोष्टी कशा बघायच्या, कशा मोजायच्या आणि त्यातून उजेड कसा वाढवायचा ते खाली सांगतोय. घरात अजून पितळी दोन सेलचा नाहीतर तीन सेलचा टॉर्च असेल, किंवा गावी कुणी रात्रीच्या लाईटीला शेताला पाणी देताना दारं धरायला असलाच टॉर्च घेऊन जात असेल, त्यांना हे थेट उपयोगी पडेल. दीडशे-दोनशेचा साधा डिजिटल मल्टिमीटर असला की काम भागतं.

आधी बल्ब वाचा

बल्ब काढा आणि पितळी भाग उजेडात फिरवून बघा. आट्यांचा बल्ब असेल तर आट्यांच्या वर, कॉलरचा असेल तर कॉलरवर बारीक अक्षरं ठोकलेली असतात. दिसत नसतील तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा. २.५ व्ही ०.३ ए असं काहीतरी सापडेल. म्हणजे अडीच व्होल्ट दिले की हा बल्ब ०.३ अँपिअर करंट घेतो आणि बनवणाऱ्याने ठरवलेला उजेड देतो, ठरवलेलं आयुष्य जगतो. तीन सेलच्या टॉर्चला बहुतेक ३.८ व्ही ०.३ ए असतो. कॉलरच्या बल्बांवर पीआर नंबर असतात, त्यातला पीआर २ म्हणजे २.३८ व्होल्ट ०.५ अँपिअर, दोन मोठ्या सेलसाठी, आणि पीआर ३ म्हणजे ३.५७ व्होल्ट ०.५ अँपिअर, तीन सेलसाठी. पीआर ४ हा २.३३ व्होल्ट ०.२७ अँपिअर, दोन लहान सेलचा. नंबर पुसला गेला असेल तर तो बल्ब अंदाजाने वापरत बसू नका, दहा-वीस रुपयांचा नवीन आणा आणि दुकानातच अक्षरं वाचून घ्या, कारण गल्ल्यावरच्या डबीत २.५ आणि ३.८ वाले एकत्रच पडलेले असतात आणि दिसायला दोन्ही सारखेच.

आता इथे सगळ्यांना एक शंका येते की सेल दीड व्होल्टचा, दोन सेल म्हणजे तीन व्होल्ट, मग बल्ब अडीचचा का? कारण सेलवर छापलेले दीड व्होल्ट काम न करता बसलेल्या सेलचे असतात. करंट वाहायला लागला की सेलच्या आतल्या रेझिस्टन्समध्येच (म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्यात) थोडे व्होल्ट जिरतात आणि बाहेर कमी मिळतात. साध्या झिंक-कार्बन सेलमध्ये, म्हणजे आपले स्वस्तातले नेहमीचे सेल, हे जास्त होतं. वापरात असलेला सेल पेटत्या बल्बला सव्वा व्होल्टच्या आसपास देतो असं धरून टॉर्चचे बल्ब बनवले गेले, म्हणून दोन सेलला २.३८ किंवा २.५ आणि तीन सेलला ३.५७ किंवा ३.८. हे आकडे आधीच घसरलेल्या सेलसाठी आहेत हे लक्षात ठेवा, पुढे लिथियम सेलच्या वेळी हीच गोष्ट महागात पडते.

करंट कोण ठरवतं

"जास्त अँपिअरचा सेल टाकलास तर बल्ब उडेल" हे मी खूप जणांकडून ऐकलंय. असं होत नाही. सेल करंट ढकलत नाही, बल्बच त्याच्या तारेप्रमाणे करंट ओढतो. व्होल्टेज ठरलं आणि तार ठरली की करंट आपोआप ठरतो. मोठा सेल आणि पेन्सिल सेल दोघेही दीड व्होल्टचेच, त्यामुळे पेन्सिल सेलवर चालणारा बल्ब मोठ्या सेलवर लावला म्हणून उडत नाही, फार तर मोठ्या सेलचा आतला रेझिस्टन्स कमी असल्यामुळे व्होल्टच्या दहाव्या हिश्शाएवढं जास्त मिळतं आणि तो जरा टवटवीत पेटतो. बल्ब उडतो तो व्होल्ट जास्त झाल्याने.

मग जास्त करंटचा बल्ब म्हणजे काय? तर त्याची तार जाड किंवा आखूड असते, रेझिस्टन्स कमी, म्हणून त्याच व्होल्टेजला जास्त करंट ओढतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. २.३८ व्होल्ट ०.५ अँपिअर म्हणजे जवळपास १.२ वॅट, आणि २.३३ व्होल्ट ०.२७ अँपिअर म्हणजे साधारण ०.६ वॅट. पहिल्याचा उजेड सुमारे १० लुमेन (लुमेन हे उजेडाचं माप), दुसऱ्याचा सुमारे ५. व्होल्ट जवळजवळ तेच, करंट दुप्पट, उजेडही दुप्पट, आणि सेल संपायचा वेळ मात्र निम्म्याहूनही कमी, कारण झिंक-कार्बन सेलला मोठा करंट झेपत नाही, त्याचे व्होल्ट लवकर खाली बसतात. म्हणून ०.५ चा बल्ब लावायचा असेल तर अल्कलाईन मोठे सेल घ्या. साध्या सेलवर ०.३ चाच बरा, त्यावर ०.५ वाला लावला की पहिली दहा मिनिटं छान आणि पुढे ०.३ वाल्यापेक्षाही वाईट असं होऊ शकतं.

एक गोष्ट इथे करून बघण्यासारखी आहे. मल्टिमीटर ओहमच्या सगळ्यात खालच्या रेंजवर ठेवा, दोन्ही प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो बाजूला लिहा आणि मग थंड बल्ब मोजून त्यातून तो वजा करा. अडीच व्होल्ट ०.३ अँपिअरच्या बल्बचा हिशोबाने रेझिस्टन्स यायला हवा २.५ भागिले ०.३ म्हणजे ८.३ ओहम, पण मीटर दाखवेल एक ओहमच्या आसपास. मीटर बरोबर आहे आणि हिशोबही बरोबर आहे. टंगस्टनची तार तापली की तिचा रेझिस्टन्स दहापट वगैरे वाढतो. त्यामुळे थंड बल्ब मोजून करंटचा हिशोब करू नका, उत्तर चुकीचंच येणार. आणि बटन दाबल्या दाबल्या पहिल्या काही मिलीसेकंदात बल्ब खरोखर कितीतरी पट करंट ओढतो, म्हणूनच जुने बल्ब पेटता पेटता नाही, बटन दाबताना "टिक" करून जातात. तारेत एखादी जागा झिजून बारीक झालेली असते, तीच आधी तापते आणि तिथेच तुटते.

थोडे व्होल्ट गेले की उजेड फार जातो

खरी मेख इथे आहे. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड दहा टक्के कमी होईल असं आपण धरून चालतो, पण तारेच्या बल्बात तसं होत नाही. रेटिंगच्या आसपास उजेड साधारण व्होल्टेजच्या साडेतीन घाताने बदलतो आणि करंट जेमतेम अर्ध्या घाताने. आकड्यात सांगतो, २.५ व्होल्ट ०.३ अँपिअरचा बल्ब घेऊ. २.५ व्होल्ट मिळाले तर उजेड पूर्ण. २.२५ मिळाले, म्हणजे पाव व्होल्ट गेला, तर उजेड ७० टक्के. २ व्होल्ट मिळाले तर उजेड ४५ टक्क्यांवर, अर्ध्याहून कमी, पण करंट मात्र ०.३ वरून फक्त ०.२६ वर आलेला. आणि दीड व्होल्टला उजेड सहावा हिस्सा राहतो, तरी करंट पाऊण हिस्सा चालूच असतो. इतक्या खाली हा हिशोब अंदाजेच असतो, पण चित्र हेच.

याचा अर्थ नीट बघा. लालसर पेटणारा टॉर्च "कमी खातोय" असं वाटतं, प्रत्यक्षात तो जवळजवळ तेवढाच करंट खातोय आणि सगळी उष्णता करून फुकट घालवतोय. तार कमी तापली की ती दिसणाऱ्या उजेडाऐवजी न दिसणारी उष्णताच जास्त फेकते, म्हणून रंग पांढऱ्याकडून पिवळा, मग केशरी, मग लाल होत जातो. रंग बघूनच व्होल्टेजचा अंदाज बांधता येतो, सवय झाली की मीटर लागत नाही. अशा लाल टॉर्चमधले सेल "अजून आहे थोडा जीव" म्हणून चालवण्यापेक्षा काढून भिंतीवरच्या घड्याळाला लावावेत, घड्याळाला अगदी थोडा करंट लागतो, त्याला ते अजून बरेच दिवस पुरतात. पेन्सिल सेल असतील तर हे सोपं आहे.

उलट बाजूलाही तेच. दहा टक्के व्होल्ट जास्त दिले तर उजेड ४० टक्क्यांनी वाढतो आणि बल्ब खरंच पांढरा झकास पेटतो, पण आयुष्य एक तृतीयांशापेक्षाही कमी होतं, कारण आयुष्य व्होल्टेजच्या बारा घाताने किंवा त्याहूनही जास्त वेगाने घसरतं. पीआर २ सारख्या बल्बचं आयुष्यच मुळात सुमारे १५ तासांचं धरलेलं असतं (हो, एवढंच, घरच्या जुन्या बल्बसारखं हजार तास नाही, कारण टॉर्चमध्ये कमी विजेत जास्त उजेड हवा असतो म्हणून तार मुद्दाम जास्त तापवतात), तर त्याचे ४-५ तास होतील. कधीतरी मुद्दाम करायचं असेल तर करा, पण गड चढताना किंवा रात्री शेतात एकटं असताना असा ताणलेला बल्ब बरोबर ठेवू नका. पाच टक्के व्होल्ट कमी दिले तर उजेड १५ टक्क्यांच्या आसपास जातो, डोळ्याला तो फरक कळतही नाही, आणि आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं. माझ्या मते रोजच्या टॉर्चसाठी हाच सौदा चांगला.

आता मोजा, पण पेटलेल्या बल्बला मोजा

दुकानात सेल मीटरला लावून "बघा, दीड दाखवतोय" म्हणतात ते जवळपास निरुपयोगी आहे. अर्धा संपलेला झिंक-कार्बन सेलही मोकळा असताना १.४ पर्यंत दाखवतो. खरी परीक्षा भार असताना, म्हणजे सेल बल्ब पेटवत असताना. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा.

पहिलं माप, सेल बाहेर काढून दोन्हीचे मोकळे व्होल्ट, समजा ३.१ आले. दुसरं माप टॉर्च पेटवून सेलच्या दोन टोकांना. टॉर्चमध्ये असताना टोकांपर्यंत पोचता येत नसेल तर सेल चिकटपट्टीने एकाला एक जोडून, वायरीने बल्ब पेटवून टेबलावर मोजा. समजा २.७ आले. म्हणजे ०.४ व्होल्ट सेलच्या आतच जिरले. ०.४ भागिले करंट ०.३ म्हणजे दोन्ही सेलचा मिळून आतला रेझिस्टन्स १.३ ओहम. नवीन अल्कलाईन जोडीत हा आकडा याच्या कितीतरी खाली येतो, आणि सेल म्हातारा होत जातो तसा वाढत जातो. सेल किती थकलाय ते सांगणारा माझ्यासाठी हा सगळ्यात भरवशाचा आकडा आहे.

तिसरं माप सगळ्यात महत्त्वाचं. पुढचं झाकण आणि काच काढून, बल्ब टॉर्चमध्येच पेटलेला ठेवून, एक प्रोब बल्बच्या पितळी अंगाला आणि दुसरा बुडाच्या ठिपक्याला जिथे पोचता येईल तिथे लावा. काही टॉर्चमध्ये बल्ब रिफ्लेक्टरमध्ये घट्ट बसतो आणि बुडापर्यंत जाताच येत नाही, तिथे बुडाला केसासारखी बारीक तांब्याची वायर दाबून बाहेर काढा आणि तिच्यावर मोजा, फक्त ती पितळी अंगाला टेकू देऊ नका. समजा इथे २.३ आले. सेलपाशी २.७ होते आणि बल्बपाशी २.३, म्हणजे ०.४ व्होल्ट मध्येच कुठेतरी गेले. वरच्या हिशोबाने २.३ ला उजेड ७५ टक्के. हे ०.४ व्होल्ट परत मिळवले तर २.७ ला उजेड १३० टक्के. नवीन सेल न टाकता पावणेदोन पट उजेड! प्रत्यक्षात करंट वाढल्यामुळे सेल किंचित जास्त बसेल आणि जोड कितीही साफ केले तरी थोडं काही मध्ये जाणारच, पण दीडपट तर होतोच होतो.

आता ते ०.४ कुठे गेले ते शोधायचं. टॉर्च पेटलेला असतानाच मीटर एकेका जोडाच्या दोन बाजूंना लावत जा: बटनाच्या अलीकडे आणि पलीकडे, मागच्या स्प्रिंगच्या दोन टोकांना, सेल आणि सेलच्या मधे, बॉडी आणि झाकणाच्या मधे. चांगल्या जोडावर मीटर जवळपास शून्य दाखवतो, फार तर दोन-तीन शतांश व्होल्ट. जिथे ०.१ च्या वर दाखवला तो चोर. अर्धा ओहम ऐकायला काहीच वाटत नाही, पण ०.३ अँपिअरला तो ०.१५ व्होल्ट खातो, आणि तेवढ्याने उजेडाचा पाचवा हिस्सा जातो.

करंट मोजायचा असेल तर मागचं झाकण काढा, बटन चालू ठेवा, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, मीटर १० अँपिअरवर करा, मग एक प्रोब सेलच्या बुडाला आणि दुसरा बॉडीच्या उघड्या धातूच्या कडेला (प्लास्टिक बॉडी असेल तर आतल्या पट्टीला). बल्ब पेटेल आणि करंट दिसेल. २०० मिलीअँपिअरची रेंज यासाठी वापरू नका, तिचा फ्यूज जाईल, आणि नाही गेला तरी त्या रेंजमध्ये मीटर स्वतःच बरेच व्होल्ट खातो, आकडा खोटा येतो. अँपिअरवर ठेवलेला मीटर कधीही थेट सेलच्या दोन टोकांना लावू नका, ते शॉर्ट करणं झालं. काम झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत टाका, पुढच्या वेळी हमखास विसरायला होतं.

आणि उजेड मोजायला मोबाईलवर लक्स (उजेडाचं माप) दाखवणारं कुठलंही अॅप चालतं. अंधाऱ्या खोलीत टॉर्च टेबलावर उभा करून सिलिंगवर मारा, मोबाईल शेजारी पालथा न ठेवता वर तोंड करून ठेवा, दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा आकडा लिहा. तो आकडा खरा लक्स असेलच असं नाही, पण आधी-नंतरची तुलना बरोबर येते. डोळ्यावर विसंबू नका, उजेड दुप्पट झाला तरी डोळ्याला तो "जरा वाढला" एवढाच वाटतो.

साफसफाई

बहुतेक टॉर्च इथेच सुधारतात. बल्बच्या बुडाला शिशाचा जो गोल ठिपका असतो तो सेलच्या टोपीने दाबून दाबून चपटा आणि काळपट होतो, त्याला खोडरबरने किंवा झिरोच्या पॉलिश पेपरने दोनदा घासा, चकचकीत राखाडी दिसला की झालं. सेलच्या टोप्या आणि बुडं कोरड्या खरखरीत फडक्याने पुसा. स्प्रिंग गंजलेली असेल तर तिचं टोक घासा, फारच गेली असेल तर बदला. बटनाखालची पितळी पत्ती सैल झाली असेल तर ती काढून जरा वाकवून परत बसवा म्हणजे दाबून टेकेल.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी जागा म्हणजे धातूच्या टॉर्चचे आटे. करंट सेलमधून बल्बकडे जातो आणि बॉडीतूनच परत येतो, म्हणजे मागच्या झाकणाचे आटे हीसुद्धा वायरच आहे. तिथे हिरवा थर किंवा जुनं काळं ग्रीस साचलेलं असतं. जुना टूथब्रश आणि स्पिरिटने आटे साफ करा, पूर्ण वाळू द्या. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेने पितळ लवकर हिरवं पडतं, तिथे साफ केल्यावर आट्यांना व्हॅसलिनचं अगदी पुसट बोट लावलं तर बरेच महिने बघावं लागत नाही. सेल गळून पांढरं-हिरवं पीठ जमलं असेल तर हाताने खरवडू नका. अल्कलाईन सेल गळला असेल तर कापसावर व्हिनेगर किंवा लिंबाचे दोन थेंब, साधा झिंक-कार्बन गळला असेल तर खायच्या सोड्याचं पाणी, मग ओल्या फडक्याने पुसून उन्हात चांगलं वाळवायचं.

उन्हावरून आठवलं, संपलेले सेल उन्हात ठेवून परत वापरायची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती. त्यात तथ्य आहे. झिंक-कार्बन सेलला आराम मिळाला आणि ऊब मिळाली की आतला रेझिस्टन्स थोडा वेळ कमी होतो, बल्बला व्होल्ट जास्त मिळतात, आणि वर बघितलं तसं थोड्या व्होल्टने उजेड बराच वाढतो म्हणून फरक डोळ्यात भरतो. पण नवीन वीज काही तयार होत नाही, थोड्याच वेळात परत तेच, आणि असा पिळून वापरलेला सेल गळायची शक्यता वाढते. गॅसवर, तव्यावर गरम करणं तर अजिबात नको.

सेल बदलताना

जुना आणि नवा एकत्र कधीच नाही. सेल एकामागे एक असतात तेव्हा करंट दोघांतून सारखाच जातो, नवीन सेल जोर लावतो, जुना आधीच रिकामा असतो आणि पुढे तो उलटा चार्ज होऊन गळतो. एकच सेल संपलाय असं मीटरने दिसलं तरी जोडी बदला.

रिचार्जेबल निकेल सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेलं बघून लोक ते टॉर्चला घेत नाहीत. पण पेटलेला बल्ब मोजा, दोन सेलवर २.४ ते २.५ व्होल्ट मिळतील, कारण त्यांचा आतला रेझिस्टन्स फारच कमी, आणि शेवटपर्यंत जवळजवळ तेवढेच राहतात. २.३८ किंवा २.५ च्या बल्बला हे अगदी मापात बसतं. साधा सेल सुरुवातीला यांच्या पुढे असतो आणि लवकरच मागे पडतो. रोज टॉर्च लागत असेल तर माझी पसंती यालाच. फक्त हे सेल खिशात किल्ल्यांबरोबर सुटे ठेवू नका, शॉर्ट झाले तर चटका देण्याइतके तापतात.

लिथियम सेल (१८६५० वगैरे, पॉवरबँकमधून निघतात ते) हा वेगळाच मामला. फुल चार्जला ४.२ व्होल्ट आणि भाराखालीही फारसा बसत नाही. २.५ चा बल्ब त्यावर क्षणभर निळसर-पांढरा चमकून जाणार, त्यात शंका नको. ३.८ व्होल्ट ०.३ अँपिअरचा बल्ब मात्र चालतो, सुरुवातीला ४० टक्के जास्त उजेड, आयुष्य कमी, आणि सेल ३.८ च्या आसपास आला की सगळं मापात. पण प्रोटेक्शन सर्किट (सेल फार उतरला की आपोआप बंद करणारं) असलेलाच सेल घ्या, कारण बल्बला थांबायचं कळत नाही, तो सेल पार रिकामा करत राहतो आणि तसा पार उतरलेला लिथियम सेल परत चार्ज करणं धोक्याचं असतं. उजेड पिवळा पडायला लागला की बंद करून चार्जिंगला लावा.

सहा व्होल्टच्या कंदिलाचंही तसंच. चार मोठ्या सेलसाठीचा पीआर १३ बल्ब ४.७५ व्होल्टचा असतो. त्या जागी सहा व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी जोडली तर ती सव्वासहाच्या आसपास व्होल्ट देते आणि बल्ब तासाभरातच जातो. अशा बॅटरीला सहा व्होल्टच्या रेटिंगचाच बल्ब लावायचा, ६.२ व्ही ०.३ ए मिळतो तो चालेल.

काही जण तीन सेलच्या टॉर्चला २.५ चा बल्ब लावून मधे रेझिस्टर टाकतात. होतं काम, साधारण ४.७ ओहम एक वॅटचा लागेल, पण जवळजवळ ०.४ वॅट त्या रेझिस्टरमध्येच जळतो. ३.८ चा बल्ब त्याच वॅटमधून उजेड करतो. बल्ब मिळत असताना रेझिस्टरच्या नादी लागू नका.

बल्बची काच आतून काळी-करडी झाली असेल तर व्होल्टेज कितीही बरोबर असो, तो बदला. तारेतलं टंगस्टन उडून काचेवर बसलेलं असतं, ते उजेडही अडवतं आणि तार बारीक झाल्याचंही सांगतं. आत पांढरट भुकटी दिसली तर काचेला तडा जाऊन हवा शिरलीय, तो गेलाच. क्रिप्टॉन किंवा झेनॉन भरलेले बल्ब मिळाले तर चार पैसे जास्त देऊन घ्या, जड वायूमुळे टंगस्टन उडणं मंदावतं म्हणून तार जास्त तापवता येते आणि त्याच व्होल्ट-अँपिअरला उजेड जास्त आणि पांढरा मिळतो. हॅलोजन बल्ब असेल तर काचेला बोट लावू नका, फडक्याने धरा.

नवीन बल्ब बसवला आणि मीटरवर सगळे आकडे बरोबर, तरी उजेड लांब जात नसेल तर तो फोकसचा प्रश्न आहे. आट्यांच्या बल्बात तार प्रत्येक बल्बला किंचित वरखाली असते. दहा-बारा पावलांवरच्या भिंतीवर टॉर्च मारा आणि पुढचं झाकण अर्धा-अर्धा आटा फिरवत मधला ठिपका लहानात लहान करा. मधे काळं भोक दिसतंय म्हणजे तार रिफ्लेक्टरच्या नेमक्या जागेवर नाही, अजून फिरवा. झाकण फिरवून होत नसेल तर बल्ब होल्डरमध्ये पाव आटा मागे घ्या, पण बुडाचा ठिपका सेलला घट्ट टेकलेला राहतोय ना ते टॉर्च हलवून बघा. हलवल्यावर उजेड फडफडला तर तो पाव आटा परत आत.